168 ग्रेनची शिशाची गोळी आणि 168 ग्रेनची तांब्याची गोळी: वजन एक, दाब वेगळा

अमेरिकेत अनेक शिकारी आणि नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. वापरलेले पितळी कवच स्वच्छ करून ते त्यात नवी टोपी (दारू पेटवणारा छोटा भाग) बसवतात, मोजून बंदुकीची दारू ओततात आणि तोंडाशी गोळी दाबून बसवतात. (भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकेपुरते आणि तेथे राहून हा छंद कायदेशीरपणे जोपासणाऱ्या मराठी मंडळींपुरतेच समजावे.) अशा छंदिष्टांपैकी बऱ्याच जणांना अलीकडे शिशाची गोळी सोडून तांब्याच्या गोळीकडे वळावे लागले आहे. शिशाचे कण पोटात जाऊन कॅलिफोर्निया कॉन्डर या गिधाडाला विषबाधा होते, हे सिद्ध झाल्यानंतर कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून वन्यप्राण्यांच्या सर्व प्रकारच्या शिकारीसाठी शिसेविरहित दारूगोळा बंधनकारक झाला. बदल स्वागतार्हच आहे. परंतु तो करताना ‘वजन तेच आहे, म्हणजे दारूही तेवढीच चालेल’ असे गृहीत धरले जाते आणि खरा धोका तेथे आहे.

पॉइंट 308 विंचेस्टर या सर्वपरिचित काडतुसाचे उदाहरण घेऊ. यातील 168 ग्रेनची, म्हणजे सुमारे 10.9 ग्रॅमची गोळी दोन्ही प्रकारांत मिळते. एका प्रकारात तांब्याच्या पातळ वेष्टनात शिशाचा गाभा असतो, तर दुसऱ्यात संपूर्ण गोळी तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची असते. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला 11.34 ग्रॅम, तर तांब्याची 8.96 ग्रॅम आहे. 0.308 इंच व्यासाचा साधा दंडगोल कल्पून हिशेब केला, तर 168 ग्रेन वजनासाठी शुद्ध शिशाचा दंडगोल जेमतेम 20 मिलिमीटर लांबीचा होतो आणि तांब्याचा 25 मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. प्रत्यक्ष गोळ्यांना टोक असते आणि शिशाच्या गोळीलाही तांब्याचे वेष्टन असते, म्हणून खरा फरक याहून कमी भरतो. तरीही व्यास बदलता येत नसल्यामुळे हलक्या धातूला लांबीतच वाढावे लागते, आणि पुढचे बहुतेक प्रश्न या लांबीतून उद्भवतात.

संपूर्ण काडतुसाच्या लांबीला मर्यादा आहे. अमेरिकी उत्पादकांची मानके ठरवणाऱ्या ‘सामी’ या संस्थेने पॉइंट 308 साठी ती 2.81 इंच ठरवली आहे आणि बहुतेक रायफलींच्या मॅगझिनमध्ये याहून फार लांब काडतूस मावत नाही. गोळी लांब झाली, पण काडतूस लांब करता येत नाही, अशा स्थितीत गोळीचा मागचा भाग कवचात अधिक खोल जातो आणि दारूच्या वाट्याची जागा व्यापतो. तेवढीच दारू कमी जागेत जळू लागली की दाब अधिक वेगाने चढतो. पॉइंट 308 साठी मान्य कमाल सरासरी दाब दर चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. शिशाच्या गोळीबरोबर या मर्यादेच्या अगदी जवळ असलेले दारूचे माप तांब्याच्या गोळीबरोबर ती ओलांडू शकते.

दुसरे कारण बॅरलच्या आत आहे. गोळी पुढे सरकताना बॅरलमधील सर्पिल कंगोरे तिच्या अंगात रुततात. वेष्टनाखाली मऊ शिसे असेल तर ते सहज दबते. सबंध तांब्याची गोळी तसे दबत नाही. शिवाय लांबीमुळे तिचा बॅरलला घासणारा भागही बहुधा अधिक असतो. म्हणूनच बार्न्स कंपनीच्या टीएसएक्स गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात, जेणेकरून कंगोऱ्यांनी बाजूला सारलेला धातू त्या खाचांत जावा. अशा गोळ्या कंगोऱ्यांना टेकवून बसवू नयेत, सुरुवातीला 0.05 इंचाच्या आसपास अंतर ठेवणे हितावह असते. शिशाच्या मॅच (नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या) गोळ्या कंगोऱ्यांच्या अगदी जवळ बसवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती येथे मोडली पाहिजे.

बॅरलच्या पिळाचा मुद्दा सुरक्षिततेचा नसून अचूकतेचा आहे. गोळी स्थिर राहण्यासाठी किती पीळ हवा हे सांगणाऱ्या, 1879 सालच्या ग्रीनहिलच्या सूत्रात गोळीचा व्यास, लांबी आणि धातूची घनता येते; वजन स्वतंत्रपणे येतच नाही. त्यानुसार 0.308 इंच व्यासाच्या, 1.2 इंच लांबीच्या गोळीला साधारण 12 इंचांत एक फेरा देणारा पीळ पुरतो, 1.4 इंच लांबीच्या गोळीला तो सुमारे 10 इंचांत एक असा लागतो आणि तांब्याच्या कमी घनतेमुळे त्याहूनही थोडा घट्ट. जुन्या, 1:12 पिळाच्या रायफलीतून तांब्याच्या गोळ्या विखरू लागल्या, तर दारूच्या मापाशी झगडण्यापूर्वी गोळीची लांबी मोजावी. तांब्याची, पण कमी वजनाची गोळी घेणे हा माझ्या मते अशा वेळचा सर्वांत सरळ उपाय होय.

आता दारूचे माप. जुन्या नोंदवहीतील आकडा बाजूला ठेवून, नव्या गोळीच्या उत्पादकाने त्याच गोळीसाठी छापलेले कोष्टक घ्यावे आणि त्यातील सुरुवातीच्या मापापासून आरंभ करावा. केवळ कमाल माप दिलेले असेल, तर साधारणतः 10 टक्के खाली उतरून थोडेथोडे वाढवत जाण्याची पद्धत आहे. मात्र एच-110 सारख्या काही दारूंना हा नियम लागू करू नये, कारण छापील मापाच्या फार खाली गेल्यास त्या नीट पेटत नाहीत आणि गोळी बॅरलमध्येच अडकू शकते. प्रत्येक पायरीवर टोपी चपटी झाली आहे का, बोल्ट उघडायला जड जातो का, कवचाच्या बुडावर चकाकता ठसा उमटला आहे का, हे पाहावे. परंतु ही लक्षणे उशिरा दिसतात. कित्येकदा ती दिसेपर्यंत मर्यादा ओलांडली गेलेली असते. त्यापेक्षा वेगमापक यंत्र अधिक भरवशाचे आहे. कोष्टकातील कमाल वेग आपल्या रायफलीतून कमी दारूतच मिळू लागला, तर कमाल दाबही तेथेच आला आहे असे समजून माप वाढवणे त्या पायरीवर थांबवावे, मग कोष्टकात पुढे आणखी दोन ओळी उरलेल्या असल्या तरीही.