न्यूयॉर्क शहराचा उन्हाळी युवा रोजगार कार्यक्रम: पात्रता, सोडत आणि कागदपत्रे

न्यूयॉर्क शहराच्या ‘डिपार्टमेंट ऑफ यूथ अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट’ या खात्यातर्फे दर उन्हाळ्यात ‘समर यूथ एम्प्लॉयमेंट प्रोग्राम’ राबवला जातो. जुलै-ऑगस्टमधील सहा आठवडे १४ ते २४ वर्षे वयाच्या मुलामुलींना त्यात मोबदल्यासह कामाचा अनुभव मिळतो. २०२२ मध्ये जागांची संख्या एक लाखापर्यंत वाढवण्यात आली. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास काम आणि शहरातील किमान वेतन मिळते. २०२६ मधील तासाला १७ डॉलर हा दर धरल्यास पूर्ण हजेरी लावणाऱ्याची कमाई करकपातीपूर्वी २,५५० डॉलर होते. १४-१५ वर्षांच्या मुलांना तासाचे वेतन नसते. ती गटाने प्रकल्प करतात आणि त्यासाठी त्यांना विद्यावेतन दिले जाते.

अर्जदार शहराच्या पाच बरोंपैकी (म्हणजे प्रशासकीय विभागांपैकी) एकात राहणारा असावा लागतो. पालकांची नोकरी मॅनहॅटनमध्ये असली, तरी घर शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील एडिसन किंवा जर्सी सिटीत असेल तर मूल पात्र ठरत नाही.

दुसरी अट अमेरिकेत काम करण्याच्या कायदेशीर परवानगीची आहे, आणि आपल्याकडील अनेक कुटुंबांचे गाडे नेमके येथेच अडते. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या धारकांची मुले एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असतात आणि केवळ त्या व्हिसावर त्यांना मोबदल्याचे काम करता येत नाही. ग्रीन कार्डाचा अंतिम टप्प्यातील अर्ज प्रलंबित असून त्या आधारे मुलाला रोजगार परवानापत्र मिळालेले असेल, तर मात्र मार्ग मोकळा होतो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, पालकांचा व्हिसा कोणताही असला तरी, हा प्रश्न उद्भवत नाही.

अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. अर्ज करताना कार्यक्रम चालवणाऱ्या स्थानिक सेवाभावी संस्थांपैकी एक निवडावी लागते. घराजवळची निवडणे सोयीचे, कारण पुढची कागदपत्रे तिच्याकडेच द्यायची असतात. सर्वसाधारण गटातील निवड सोडतीने होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्ज भरल्याने किंवा गुण चांगले असल्याने नंबर लागत नाही. बेघर, पालनगृहातील किंवा न्यायालयीन प्रकरणात अडकलेल्या युवकांसाठी स्वतंत्र प्रवेश आहे. काही शाळांतील विद्यार्थी शाळेमार्फतच सहभागी होतात.

सोडतीत नाव आल्यावर ओळख, वय, पत्ता आणि कामाची परवानगी यांचे पुरावे, तसेच सोशल सिक्युरिटी कार्ड सादर करावे लागते. पत्त्याच्या पुराव्यावरील आणि अर्जातील पत्ता जुळतो ना, हे आधीच पाहावे. नुकतेच घर बदललेल्यांची येथे हमखास धावपळ होते.

१८ वर्षांखालील मुलांना ‘वर्किंग पेपर्स’, म्हणजे अल्पवयीनांसाठीचे काम करण्याचे प्रमाणपत्रही लागते. त्यासाठीचा एटी-१७ हा अर्ज शाळेतून मिळतो. त्यावर पालकांची संमती घ्यावी लागते आणि मागील १२ महिन्यांतील वैद्यकीय तपासणीचा दाखला जोडावा लागतो. १४-१५ वर्षांच्या मुलांना निळे आणि १६-१७ वर्षांच्या मुलांना हिरवे प्रमाणपत्र दिले जाते. जूनअखेर शाळा बंद झाल्यावर सह्यांसाठी कर्मचारी सापडणे कठीण होते, त्यामुळे सोडतीची वाट न पाहता हे काम वसंत ऋतूतच उरकावे.

शहरातील एखादी संस्था, कार्यालय किंवा दुकान युवकांना कामावर घेऊ इच्छित असेल, तर त्याचा अर्ज वेगळा असतो. वेतन शहर देते; कामावर घेणाऱ्याने मात्र देखरेखीसाठी जबाबदार व्यक्ती नेमून कामाच्या तासांची नोंद वेळेवर मंजूर करावी लागते.