21 दिवसांचं गणित आणि चॉकलेटवाले उंदीर

'21 दिवसांत सवय लावा' हा फॉरवर्ड दर जानेवारीत उगवतो. हे 21 आले कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान 21 दिवस लागतात. पुढे त्यातलं 'निदान' गळालं आणि चेहराही गळाला. आपल्याकडे दूर्वा 21, मोदक 21; आकडा पटायला कितीसा वेळ लागणार! 2010 साली लंडनच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं तेव्हा साधारण 66 दिवस निघाले, तेही कुणाला 18 तर कुणाला 254 अशा अंदाजाने.

सवय मेंदूत कुठे मुरते, ही खरी मजेची गोष्ट. हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे झटके यायचे. 1953 साली त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा मोठा हिस्सा शस्त्रक्रियेने काढला आणि नवी आठवण टिकेनाशी झाली. मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघत चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. हे आपण आधी केलंय, याचा मात्र त्यांना पत्ताच नव्हता!

म्हणजे घडलेल्या गोष्टी आणि हाताचं कसब यांची खाती वेगळी. दुसऱ्या खात्यात स्ट्रायटम या खोलवरच्या भागाचा मोठा वाटा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात मेंदूसंशोधक ॲन ग्रेबिएल यांच्या गटाने चेतापेशींचे संदेश टिपायला उंदरांच्या स्ट्रायटममध्ये इलेक्ट्रोड बसवले. बोळातून धावत जायचं, आवाज ऐकून उजवीकडे की डावीकडे ते ठरवायचं, बरोबर वळलं की चॉकलेट. सुरुवातीला चेतापेशी वाटभर कडकडत. वळण अंगवळणी पडल्यावर धाव सुरू होताना आणि संपताना तेवढ्या पेटत, मधे सामसूम. कॉर्टेक्सकडून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडून, येणारे संदेश आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची 'जमलं' ही पावती यांतून स्ट्रायटममधल्या जोडण्या बदलतात आणि अख्खी धाव एकसंध तुकडा होऊन बसते. वीस वर्षं मराठी टायपिंग केलेल्याला 'क्ष कुठल्या कळीवर?' विचारा, तो आधी हवेत बोटं हलवून बघेल.

मग बक्षीस कमी केलं किंवा काढूनच घेतलं. तो नमुना विरला. चॉकलेट परत ठेवताच मात्र लगेच उमटला, नव्याने शिकवावं लागलं नाही. तंबाखू सोडलेल्याला 'एका चिमटीने काय होतंय' म्हणणाऱ्या मित्रांनी हा प्रयोग जरूर बघावा.