रेंज आणि मोबाइलची बॅटरी

मोबाइल नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस आणि एनएफसी (फोन यंत्राजवळ टेकवून पैसे देण्यासारखी सोय) या बिनतारी सुविधांचा स्मार्टफोनच्या बॅटरीवर पडणारा भार. पाचही सुविधा रेडिओलहरींवर चालतात, पण त्यांची भूक सारखी नाही. कोकणात ‘चार्जिंग टिकत नाही’ ही तक्रार अनेकदा मुळात रेंजची असते. ब्लूटूथ बंद करून बॅटरी वाचवू पाहणाऱ्याला म्हणूनच फारसा फरक जाणवत नाही.

फोन टॉवरचे नुसते ऐकत नाही, त्याला उत्तरही द्यावे लागते. टॉवर जवळ असेल तर हळू बोलून भागते. सिग्नल क्षीण झाला की टॉवरच फोनला आवाज, म्हणजे प्रक्षेपणाची ताकद, चढवायला लावतो. फोर-जी फोनची प्रक्षेपणाची कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॉट आहे. भरपूर रेंजमध्ये त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. काठावरच्या रेंजमध्ये फोन कमाल मर्यादेला टेकतो, आणि तेवढी लहर बाहेर टाकण्यासाठी बॅटरीतून तिच्या कितीतरी पट वीज ओढतो. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. कमी रेंजमध्ये बोलताना फोन कानाला गरम लागतो तो यामुळेच.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट फोन’खाली ‘सिम स्टेटस’मध्ये ती दिसते. आकडा उणे असतो. फोर-जीवर उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे ओढाताण, उणे १२०च्या पुढे काही खरे नाही. दर दहा अंकांमागे सिग्नल दहापट क्षीण होतो. चिऱ्याच्या जाड भिंती, त्याही पावसाने भिजलेल्या, आणि वर पत्रा असेल तर माजघर आणि खळे यांत वीस अंकांचा फरक पडू शकतो, म्हणजे शंभरपट. फोन माजघरातल्या फडताळातून पडवीच्या कट्ट्यावर आणून ठेवला तरी सकाळी उरलेल्या टक्क्यांत फरक दिसतो.

रेंज पूर्ण गेली तर परिस्थिती आणखी वाईट. फोन स्वस्थ बसत नाही. एकेक बँड (लहरींचा ठरावीक पट्टा) चाचपत टॉवर शोधत राहतो. सड्यावर पूर्ण कांड्या आणि खाली वाडीत एकही नाही, अशा गावात हा शोध दिवसभर चालतो. दोन सिमचा फोन असेल तर चोर बहुधा दुसरे सिम असते: मुंबईत घेतलेले, गावात ज्याचा टॉवरच नाही असे. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांनी गावी पोचताच ते सिम सेटिंग्जमधून बंद करावे; नंबर जात नाही, फक्त शोध थांबतो. कोकण रेल्वेच्या प्रवासातही तेच घडते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. असा एकेक बोगदा संपला की फोन नव्याने नोंदणी करतो, मधल्या पट्ट्यात टॉवर बदलत राहतो, आणि पुढच्या बोगद्यात पुन्हा तुटतो. बोगद्यांच्या टप्प्यात एअरप्लेन मोड लावणे हा सोपा उपाय.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या फाइव्ह-जीमुळे एक भर पडली. काही जाळ्यांत फोन फोर-जी आणि फाइव्ह-जी दोन्ही एकाच वेळी धरून ठेवतो. फाइव्ह-जी धड मिळत नसेल तर ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ फोर-जीवर ठेवावा.

घरात राउटर असेल तर वाय-फायच वापरावे. कमी रेंजमध्ये तोच व्हिडिओ मोबाइल डेटावर पाहणे जास्त महाग पडते. जिथे कंपनी आणि फोन दोन्ही सोय देतात तिथे वाय-फाय कॉलिंगही चालू करावे. याउलट हॉटस्पॉट सर्वांत खादाड, कारण नेटवर्क आणि वाय-फाय दोन्ही सतत जागे राहतात. वाय-फाय बंद केले तरी लोकेशनच्या सेटिंग्जमधले ‘वाय-फाय स्कॅनिंग’ चालू राहू शकते, तेही पाहावे.

ब्लूटूथची ताकद बहुतेकदा काही मिलिवॉटच असते. एनएफसी काही सेंटिमीटरपुरते. त्याचा विचारही करू नये. जीपीएस फक्त ऐकते, उपग्रहाला काहीच पाठवत नाही. त्याचा खर्च गणिताचा आणि सतत पेटलेल्या पडद्याचा. म्हणूनच किनाऱ्यापासून लांब, टॉवर क्षितिजाखाली गेल्यावर, होडीवरच्या फोनला एअरप्लेन मोड लावून जीपीएस आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा वापरता येतो. डेटाच्या मदतीशिवाय पहिले स्थान सापडायला काही मिनिटे लागू शकतात, तेवढा धीर धरावा.

जुन्या बॅटरीचा एक दोष हमखास चुकीचा ओळखला जातो. वीस टक्के दिसत असताना कॉल लावला आणि फोन बंद पडला, तर दोष टक्केवारीचाच असतो असे नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहायला होणारा अडथळा, वाढलेला असतो. कमी रेंजमध्ये प्रवाहाची ओढ वाढते, व्होल्टेज खाली बसते आणि फोन स्वतःला बंद करतो. उपाय बॅटरी बदलण्याचाच.

वादळात ही सगळी गणिते एकदम अंगावर येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यावर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. टॉवर बंद असताना फोन चालू ठेवणे म्हणजे शोधातच बॅटरी संपवणे. एअरप्लेन मोड लावावा, पडदा मंद करावा, घरच्यांशी ठरवून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे उंच जागी फोन जोडावा. कॉल लागत नसेल तिथे एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला क्षणभराची जोडणी पुरते.