ॲश्ली, किम, लेस्ली: इंग्रजीतली सामाईक नावं आली कुठून

१९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात ॲश्ली विल्क्स हा नायिकेच्या मनात बसलेला पुरुष. ती भूमिका करणारा नट लेस्ली हॉवर्ड. नायिका विवियन ली, आणि तिच्या एका बहिणीच्या भूमिकेत एव्हलिन कीज. ॲश्ली, लेस्ली, विवियन, एव्हलिन ही चारही नावं इंग्लंडात पुरुषांनी लावलेली आहेत. आज अमेरिकेत चारही ऐकली की बाईच डोळ्यांसमोर येते. विवियन ली यांचं जन्मनाव विवियन मेरी हार्टली. जन्म १९१३ चा, दार्जिलिंगचा. पडद्यासाठी त्यांनी ‘विवियन’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ए’ काढून ‘ई’ घातला. उच्चार जवळजवळ तोच राहिला, पण कागदावर नाव बाईचं झालं.

मुलगा-मुलगी दोघांना चालणाऱ्या नावांच्या याद्या भरपूर मिळतात. त्यांतली मेख ही, की इंग्रजीतली बरीच सामाईक नावं मधल्या काही दशकांपुरतीच सामाईक असतात. पुरुषांकडून बायकांकडे सरकताना वाटेत ती दोघांची होतात, आणि हा प्रवास इंग्लंडात आणि अमेरिकेत एकाच वेगाने होत नाही. म्हणून कुठलीही यादी वाचताना देश कोणता आणि साल कोणतं, हे आधी विचारावं. अर्थ नंतर पाहिला तरी चालतो.

फ्रान्समधून नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या इंग्लंडात असा गोंधळ फारसा नव्हता. तेव्हाची नावं दोन घटक जोडून बनत आणि दुसऱ्या घटकावरून स्त्री की पुरुष ते कळे. ‘रिक’, ‘वेअर्ड’, ‘वुल्फ’ शेवटी आलं की पुरुष. ‘गिफू’, ‘हिल्ड’, ‘बुर्ह’ आलं की स्त्री. गॉडरिक हा बाप्या, गॉडगिफू ही बाई. हीच पुढे लेडी गोडायव्हा म्हणून प्रसिद्ध झाली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दोनेक शतकांत ही नावं बहुतेक मागे पडली आणि जॉन, विल्यम, रॉबर्ट अशा मोजक्या नावांवर सगळा देश चालू लागला. मुलींनाही संतांचीच नावं मिळत: फिलिप, निकोलस, अलेक्झांडर. बोलताना मुलीलाही फिलिपच म्हणत. दप्तर मात्र लॅटिनमध्ये लिहिलं जाई आणि लॅटिनला लिंग लागतंच, म्हणून कारकून शेपटाला ‘आ’ जोडून ‘फिलिपा’, ‘निकोला’ असं लिही. १२१७ च्या वेढ्यात लिंकनचा किल्ला लढवणाऱ्या निकोला द ला हे या बाईंचं नाव आपल्यापर्यंत पोचलं ते या कागदी रूपात.

या काळासाठी नॉर्विचच्या ज्युलियन या संत लेखिकेचं उदाहरण हमखास दिलं जातं. पण त्या ज्या चर्चला लागून असलेल्या खोलीत राहत, ते सेंट ज्युलियनचं चर्च. त्यांचं नाव त्यावरूनच पडलं असावं असं मानतात. तेव्हा पुरावा म्हणून हे उदाहरण जरा लंगडंच. त्यापेक्षा जिलियन आणि जिल ही नावं पाहावीत. ती ज्युलियनच्या स्त्रीलिंगी वापरातून उतरली आणि पुढे स्वतंत्र झाली.

खरा बदल झाला तो सोळाव्या शतकात, आडनावं पाळण्यात शिरली तेव्हा. आईच्या माहेरचं आडनाव मुलाचं पाळण्यातलं नाव करायचं, ही इंग्लिश सरदार घराण्यांची रीत. आपल्याकडे आई जाधवांची लेक म्हणून मुलाचं नाव ‘जाधव’ ठेवावं, तशातला प्रकार. १५५४ मध्ये शिरच्छेद झालेल्या गिल्डफर्ड डडलीची आई गिल्डफर्ड घराण्यातली. इतिहासकार विल्यम कॅमडेन यांनी १६०५ मध्ये नोंदवलं, की आडनावं अशी नावं म्हणून ठेवण्याची चाल ख्रिस्ती जगात फक्त इंग्लंडातच आहे. आडनावाला लिंग नसतं, त्यामुळे दार मुलींनाही उघडं होतं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातल्या लेडी शेफील्ड यांचं पाळण्यातलं नाव डग्लस होतं. म्हणजे पुढे पक्कं पुरुषी झालेलं नाव तेव्हा बाईचं होतं.

आता या आडनावांचे अर्थ. बहुतेक आडनावं गावांवरून आली आणि गावं जमिनीवरून. जुन्या इंग्रजीत ‘लिआ’ म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. ॲश्ली म्हणजे ॲश झाडांच्या रानातली अशी जागा, शर्ली म्हणजे उजळ, लख्ख मोकळी जागा. बेव्हर्ली यॉर्कशरमधलं गाव, अर्थ बीव्हरचा ओढा. लेस्ली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशरमधलं, कोर्टनी फ्रान्समधल्या कूर्तनेवरून, ट्रेसी नॉर्मंडीतून. झाड, ओढा, माळ यांत पुरुषी किंवा बायकी असं काहीच नाही. नाव सामाईक होण्याची सोय इथेच झाली. दुसरा गट धंद्यांचा: टेलर शिंपी, हार्पर हार्प वाजवणारा, पार्कर राजाच्या शिकारी रानाचा रखवालदार. हे धंदे पुरुषांचे होते, पण नाव म्हणून उचललं जाईपर्यंत धंदा कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता.

याद्यांमधले अर्थ इथे बरेच फसवतात. ‘रॉबिन’ पुढे लाल छातीचा पक्षी लिहिलेलं असतं, पण रॉबिन हे रॉबर्टचं लाडकं रूप. रॉबर्टचा अर्थ कीर्तीने तेजस्वी. पक्ष्याचं जुनं नाव ‘रेडब्रेस्ट’. त्याला लाडाने माणसाचं नाव चिकटलं आणि मग मूळ नावच गळून पडलं. ‘ॲलिसन’मधला ‘सन’ म्हणजे मुलगा नव्हे. ते ॲलिसचं फ्रेंच लाडकं रूप, पहिल्यापासून बायकांचं. ‘मॅडिसन’मधला ‘सन’ मात्र खरोखर मुलगाच: मॅथ्यूचा किंवा मॉडचा मुलगा. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ चित्रपटातली जलपरी न्यू यॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूची पाटी वाचून हे नाव घेते, आणि नायक म्हणतो की हे काही नाव नव्हे. तेव्हा तो विनोद होता. २००१ मध्ये मॅडिसन अमेरिकेतल्या मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

एक प्रवास जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. किनेबुर्ह हे जुन्या इंग्लंडातलं बाईचं नाव. शेवटचा ‘बुर्ह’ पाहा. तिच्या रानातल्या मोकळ्या जागेवर नॉरफकमधलं किंबर्ली गाव वसलं. गावावरून लॉर्ड किंबर्ली यांची पदवी. ते ब्रिटनचे वसाहतमंत्री असताना १८७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींच्या गावाला त्यांचं नाव दिलं गेलं. बोअर युद्धात या गावाला १८९९-१९०० मध्ये वेढा पडला, तो उठल्याचा इंग्लंडात जल्लोष झाला आणि लोकांनी मुलग्यांची नावं किंबर्ली ठेवली. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार किम ह्यूज यांचं पूर्ण नाव किंबर्ली जॉन ह्यूज, ते याच परंपरेतलं. अमेरिकेत मात्र १९६० च्या दशकात किंबर्ली हे मुलींच्या सर्वांत लोकप्रिय नावांपैकी एक होतं. बाईपासून निघालेलं नाव गाव, उमराव, खाण आणि मुलगे असा वळसा घालून पुन्हा मुलींकडे आलं.

सुट्या ‘किम’ला दुसरीही वाट होती. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ च्या कादंबरीतला लाहोरचा पोरगा किम म्हणजे किंबॉल ओ’हारा. अंबाल्यात १९१२ मध्ये जन्मलेल्या हॅरल्ड फिल्बीला घरी त्यावरून किम म्हणू लागले. पुढे सोव्हिएत हेर म्हणून गाजला तो किम फिल्बी. आणि १९५० च्या दशकात मेरिलिन नोव्हाक या नटीने किम नोव्हाक हे नाव घेतलं, ते पडद्यावर गाजलं, आणि किम बाईचंही नाव म्हणून कानावर पडू लागलं.

नाव सरकतं ते असं एखाद्या धक्क्याने. शर्लीचा पहिला धक्का शार्लट ब्राँटी यांच्या १८४९ च्या कादंबरीचा. नायिकेच्या आईवडिलांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून घराण्यातलं पुरुषी नाव तिलाच दिलं. दुसरा धक्का बालतारका शर्ली टेंपल हिचा: १९३५ आणि १९३६ मध्ये शर्ली अमेरिकेत मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. तोवर ज्यांचं नाव शर्ली ठेवून झालं होतं त्या पुरुषांचे हाल झाले. वॉशिंग्टन पोस्टचे नामवंत क्रीडा पत्रकार शर्ली पोविच यांचा समावेश १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रकोशात झाला होता.

ॲश्लीचं सरकणं आणखी ठळक. पहिले अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी अँथनी ॲश्ली कूपर यांची आई ॲश्ली घराण्यातली; दक्षिण कॅरोलायनातल्या ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांना त्यांचीच नावं आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेत हे नाव सरदारी पुरुषी म्हणून राहिलं. तिथेच १९९१ आणि १९९२ मध्ये ॲश्ली देशभरातल्या मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव झालं. इंग्लंडात त्याच पिढीत ॲश्ली जाईल्स फिरकी टाकत होते आणि ॲश्ली कोल फुटबॉल खेळत होते. तिथे हे नाव मुलग्यांचं राहिलं.

मराठी क्रिकेटरसिकाला यातली पुरुषी बाजू जास्त ओळखीची, कारण त्याने ही नावं समालोचनात ऐकली. आयझॅक विवियन अलेक्झांडर रिचर्ड्स, कोर्टनी वॉल्श, १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघ घेऊन भारतात आलेले लिंडसे हॅसेट. कोर्टनी आणि लिंडसे अमेरिकेत मुलींची नावं आहेत हे त्याला नंतर कळतं आणि पटकन पटतही नाही.

हे सरकणं एकतर्फी का? २००० मध्ये समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जन्मनोंदी तपासून सामाईक नावं फार काळ तोल धरून राहत नाहीत असं दाखवलं. कारण साधं आहे. मुलीला पुरुषी नाव दिलं तर ते ऐटबाज वाटतं, मुलाला बायकी नाव दिलं तर लोक नाकं मुरडतात. त्यामुळे एखाद्या नावाच्या मुली दिसू लागल्या की मुलग्यांचे आईबाप ते सोडतात, आणि उरलेली जागा मुली भरतात. हे मुलींचं कौतुक नव्हे, उलटच आहे. उलट दिशेची उदाहरणं मोजकी. ज्युलियन आणि ख्रिश्चन ही मध्ययुगात बायकांचीही होती, ती पुढे पुरुषांकडे राहिली. मॅरियन हे मेरीचं फ्रेंच लाडकं रूप. अमेरिकेत ते पुरुषांना लागलं ते स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी फ्रान्सिस मॅरियन याच्या आडनावावरून. नट जॉन वेन यांचं जन्मनाव मॅरियनच. काही नावं दोघांकडे एकाच वेळी होती: एव्हलिन वॉ या लेखकाने १९२८ मध्ये एव्हलिन गार्डनर यांच्याशी लग्न केलं, तेव्हा मित्रमंडळी ‘तो-एव्हलिन’ आणि ‘ती-एव्हलिन’ म्हणत. संसार वर्षभरात मोडला.

सॅम, ॲलेक्स, क्रिस, पॅट यांची गोष्ट वेगळी. ती सॅम्युएल-समँथा, अलेक्झांडर-अलेक्झांड्रा, ख्रिस्तोफर-क्रिस्टिन, पॅट्रिक-पॅट्रिशिया अशा जोड्यांची आखूड रूपं आहेत. लांब नावं आपापल्या जागी असल्याने ही रूपं टिकून राहतात.

कायद्याची आडकाठी इंग्लंडात नाही. जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा, नाव कोणतं ते आईबापांनी ठरवायचं. जर्मनीत मात्र नावावरून लिंग कळलं पाहिजे असं निबंधक धरून चालत. तिथल्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये असं बंधन कायद्यात नाही असा निकाल दिला, आणि खटला होता मुलीचं नाव ‘किरण’ ठेवण्यावरून. किरण बेदी आणि किरण मोरे ऐकत वाढलेल्यांना हा वाद कळायला दोन मिनिटं लागतात.

स्वतः तपासायचं असेल तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याचे १८८० पासूनचे आकडे आणि इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या याद्या खुल्या आहेत. वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, स्पेलिंग बदललं की नाव वेगळं मोजलं जातं. ब्रिटनमध्ये लेस्लीच्या शेवटी ‘आयई’ असेल तर बहुधा पुरुष, ‘ईवाय’ असेल तर बहुधा स्त्री. फ्रान्सिसमध्ये ‘आय’ पुरुषाचा, ‘ई’ स्त्रीचा. दुसरी, वर्षाला पाचपेक्षा कमी मुलांना दिलेली नावं अमेरिकी यादीत दाखवत नाहीत, इंग्लंडच्या यादीत ही मर्यादा तीनची आहे. नाव यादीत नाही म्हणून ते कुणीच ठेवलं नाही असं होत नाही. तिसरी, जुन्या नोंदींत लिंगाचा रकाना चुकीचा भरलेला सापडतो. जॉन नावाच्या मुली दिसल्या तर त्या बहुतेक कारकुनी चुका. शिवाय सोशल सिक्युरिटीची योजनाच १९३० च्या दशकातली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे क्रमांक काढला तेवढेच मोजले गेले आहेत.

आणि इंग्रजी बातमी मराठीत आणणाऱ्यांसाठी: टेलर, जॉर्डन किंवा रायली यांच्यापैकी कुणी बोललं असेल आणि मूळ मजकुरात सर्वनाम नसेल, तर ‘म्हणाले’ किंवा ‘म्हणाल्या’ असा अंदाज बांधू नये. फोटो किंवा दुसरी बातमी मिळेपर्यंत ‘यांनी सांगितलं’ असं लिहावं. त्या रचनेत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही.