शारीर प्रत्याभरण आणि अव्यक्त अभिवृत्ती

चेहऱ्याचे स्नायू, हात, मान, हृदयाचे ठोके यांच्याकडून मेंदूकडे परतणाऱ्या संवेदनांना शारीर प्रत्याभरण म्हणतात. माणूस उघड सांगत नाही, कित्येकदा त्यालाही ठाऊक नसते, अशा पसंती-नापसंतीच्या, म्हणजे अव्यक्त अभिवृत्तीच्या, मापनावर या प्रत्याभरणाचा परिणाम किती होतो, याविषयी मतभेद आहेत.

शरीरातील बदल जाणवणे म्हणजेच भावना, ही मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८८४) व कार्ल लांगे (१८८५) यांची मानतात. चेहऱ्यापुरती ती डार्विनच्या १८७२ च्या ग्रंथातही आढळते. आंतरेंद्रिये फार मंद चालतात, हा वॉल्टर कॅननचा १९२७ मधील आक्षेप चेहऱ्याच्या स्नायूंना मात्र लागू पडत नाही. फ्रिट्झ स्ट्राक व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पेन दातांत धरायला लावून चेहरा नकळत हसरा केला. ओठांत पेन धरणाऱ्यांपेक्षा या लोकांना व्यंगचित्रे अधिक गमतीची वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांत हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. या वेळी सहभागींसमोर कॅमेरा ठेवला होता, त्यामुळे तो लोपला, हे स्ट्राकचे उत्तर; २०१८ च्या एका प्रयोगाने त्याला काहीसा आधार दिला. १९ देशांतील ३,८७८ जणांवरील अभ्यास (२०२२) अधिक विश्वसनीय दिसतो : हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने आनंद किंचित वाढतो, पेनबाबत निर्णय नाही.

अँथनी ग्रीनवाल्ड व सहकाऱ्यांची अव्यक्त साहचर्य चाचणी (१९९८) पडद्यावरील शब्द वा चित्रे गटांत लावताना कळ दाबण्याच्या वेगावरून अभिवृत्ती अनुमानते. टिफनी इटो व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (२००६) कृष्णवर्णीयांची छायाचित्रे पाहताना पेनने चेहरा हसरा ठेवलेल्यांचा पूर्वग्रह नंतर या चाचणीत कमी भरला. साधन तेच वादग्रस्त पेन असल्याने हा निष्कर्ष जपूनच घ्यावा.

ग्रामीण विदर्भात ही पद्धत वापरायची तर पहिली अडचण खर्र्याची, म्हणजे चघळायच्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची. त्यातील सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठरते व तोंड पुरते उघडत नाही. तेव्हा पेनची सूचना सर्वांना सारखी पाळता येणार नाही. हात अंगाकडे ओढणे म्हणजे जवळीक, दूर लोटणे म्हणजे नावड, हे जॉन कॅसिओपो व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगांतून पुढे आलेले समीकरणही येथे तपासूनच घ्यावे लागेल. कापूस वेचणारी बाई दिवसभर हात बोंडाकडून झोळीकडे आणते. ‘रामराम’, ‘जय भीम’ वा ‘जय सेवा’ म्हणताना हात छातीशी येतात, आणि मनातून नकोशा माणसालाही रामराम घातला जातोच. वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्याला प्रमाण मराठी शब्द वाचायला लागणारा वेळ पूर्वग्रहाच्या खात्यात जमा होऊ नये, यासाठी शब्दांऐवजी चित्रे वापरता येतात.