मिरजेचे तीन रूळ आणि सांगलीतला हौसेचा बाजार

सांगलीत मॉडेल रेल्वेचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या प्रमाणात घडवलेल्या छोट्या आगगाडीचं, सामान कुठं मिळतं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "कुठली गाडी करायचीय? मोठी, मीटर गेज, की बार्शी लाईट?" पुढचा सगळा बाजार त्या उत्तरावर ठरतो. मोठी, म्हणजे ब्रॉड गेजची गाडी करायची तर रूळ, डबे, इंजिन, बरंचसं बाहेरून मागवावं लागतं. बार्शी लाईट, म्हणजे मिरजेपर्यंत येणारी जुनी अडीच फुटी रुळावरची छोटी गाडी करायची असेल, तर रुळाच्या दोन पेट्या सोडून जवळजवळ सगळं सामान सांगली, मिरज आणि कुपवाडात मिळतं. केवळ या हौसेसाठी उघडलेलं दुकान मला इथं आजवर सापडलेलं नाही. मोटारीचं एक, तारेचं दुसरं, चाकाचं तिसरं, अशी पाच-सहा दुकानं जोडली की एक दुकान पुरं होतं. ती इथं का आहेत, आणि ही गाडी इथल्या माणसाच्या मनात का बसली, हे कळायला मिरज जंक्शनपासूनच सुरुवात करावी लागते.

पुण्याहून मिरजेमार्गे बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मार्ग सदर्न मराठा रेल्वेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकला, तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला. १८९१ साली कोल्हापूर संस्थानचा मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला. १९०७ साली सांगली संस्थाननंही मिरजेपर्यंत आपला छोटा फाटा काढला. त्या फाट्याचं स्टेशन गावात होतं. आता तिथं गाडी येत नाही, पण चौकाचं नाव स्टेशन चौकच राहिलंय. बाहेरगावचा माणूस रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेशन' म्हणाला, तर रिक्षावाला आजही विचारतो, "स्टेशन चौक का रेल्वे स्टेशन?"

१९२७ साली बार्शी लाईट मिरजेला येऊन टेकली, अडीच फुटांच्या रुळावर. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मोठा झाला. बेळगावकडची मीटर गेज मात्र नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं मिरजेच्या एकाच आवारात मोठा रूळ, मीटर रूळ आणि छोटा रूळ असे तिन्ही होते. देशात अशी स्टेशनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मिरजेत वाढलेल्या पोराला 'गेज' शब्द शिकवावा लागला नाही. पुलावर उभं राहिलं की तीन मापं डोळ्यांसमोर. इथल्या हौसेचं मूळ माझ्या मते तिथं आहे. खेळण्यातली आगगाडी कुठल्याही गावात विकली जाते, पण हा रूळ किती रुंद, ते इंजिन कुणाचं, यावर भांडणारी पोरं मिरजेसारख्या जंक्शनावरच तयार होतात.

बार्शी लाईटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीनं तिच्याइतकी मोलाची गाडी दुसरी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. बार्शीच्या कापसाचा व्यापार मोठा, पण मुख्य लाईन गावापासून लांब. १८९५ साली कंपनी निघाली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी गाडी धावू लागली. कॅलथ्रॉपचा आग्रह एकच होता. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलका रूळ पुरतो, आणि अरुंद रुळावरूनसुद्धा लांब, मोठे डबे नेता येतात. लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्यासाठी आठ चालक चाकांची इंजिनं बांधली. ती इकडं येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं खास रूळ टाकून त्यांचं प्रदर्शन आणि चाचण्या झाल्या. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, आणि शेवटी मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला. १९५४ साली सरकारनं तो ताब्यात घेतला.

याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची रेल्वे उभारली, तीही अडीच फुटीच. १९०४ साली सुरू झालेली ती लाईन १९३४ साली बंद पडली. पण तिकडच्या मॉडेलवाल्यांचं तिच्यावर फार प्रेम, आजही तिची मॉडेलं होतात. तिची इंजिनंही किटसनचीच, आणि त्यांच्यावर आपल्याकडच्यासारखे मोठे दिवे. त्यामुळे इंग्लंडातल्या कुणी काढलेलं रेखाचित्र मिरजेत बसून पाहिलं की ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं वाटतं. आमच्यातल्या कितीतरी जणांना डब्याच्या बोगीची, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्याची रचना अशीच उलटीकडून, इंग्लंडच्या बाजूनं समजली.

आता मापाचं गणित. जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण एचओ, म्हणजे सत्त्याऐंशीला एक. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, आणि तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी ठरलेला. आपला मोठा रूळ १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं तर १९ च्या वर उत्तर येतं. म्हणून आपली सह्याद्री किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस बाजारच्या एचओ रुळावर ठेवली की जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. समोरून बघितलं की जाणकाराला खटकतंच. शिवाय जागा. जुन्या पद्धतीचा एक डबा बफरसकट सव्वाबावीस मीटर, मॉडेलमध्ये पंचवीस सेंटिमीटरच्या वर. वीस डबे जोडले तर पाच मीटर नुसते डबेच झाले. एवढी भिंत किती घरांत आहे?

बार्शी लाईटचं उलटं आहे. ७६२ भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. आणि एन गेज नावाचा नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. पाच-सहा डब्यांची गाडी, आखूड वळणं, एका टेबलावर त्या लाईनीवरचं सलगरे स्टेशन बसतं. आपल्या दाराशी धावलेली गाडी मापाला इतकी चोख उतरावी, हे भाग्यच म्हणायचं.

पण नऊ मिलिमीटरचे रूळ इथं यायला फार वर्षं लागली. जर्मनीच्या मेर्कलिननं १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत ठराविक मापांच्या रुळांची चावीची गाडी मांडली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीनं १९२० पासून गाड्या विकायला काढल्या. आपल्याकडं तेव्हा असली खेळणी राजवाड्यांत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी सगळ्यांनी ऐकलेली असते. स्वातंत्र्यानंतर परदेशी खेळण्यांच्या आयातीवर बंधनं आली, ती थेट २००१ पर्यंत. मधल्या काळात परदेशातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून आली तेवढीच गाडी खरी. बाकीच्यांना जत्रेतली पत्र्याची.

तरी हौस थांबली नाही, आणि याचं कारण मला दिवाळीच्या किल्ल्यात दिसतं. मॉडेल रेल्वेवाले ज्याला 'सीनरी' म्हणतात, ती कला आपल्या पोरांना सहामाही परीक्षा संपली की आपोआप येते. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर चिखल, चिखलावर हळीव आणि मोहरी. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा. कुंभाराकडून मावळे, वाघ, गवळण आणायची. पायथ्याला रस्ता, विहीर, शेत, आणि ज्याच्याकडं असेल त्याची चावीची आगगाडी, बोगद्यासकट. बोगदा ढासळू नये म्हणून डालड्याचा डबा दोन्हीकडून कापून आत घालायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मावळा किल्ल्याच्या दरवाज्याहून उंच असायचा, ते मात्र कुणालाच खटकलं नाही. प्रमाणाची जाण पुढं आली, पण चिखलाला उतार कसा द्यायचा, पाणी कुठून ओघळेल, झाड कुठं शोभेल, ही नजर किल्ल्यानंच दिली.

दुसरी शाळा गणपतीची. सांगली-मिरजेत हलते देखावे आणि घरच्या आराशीत फिरणाऱ्या वस्तू यांचं वेड जुनं. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतल्या स्वागत कमानी तर लांबून लोक बघायला येतात. त्या कामावर सुतार, पेंटर, इलेक्ट्रिशियन तयार झाले, आणि त्यांना लागणारं सामान ठेवणारी दुकानंही. पातळ प्लाय, मणी-आरसे, रंगवलेला भुसा, छोटे बल्ब, हळू फिरणाऱ्या मोटारी. सांगलीच्या हरभट रोड, मारुती रोडच्या दुकानांत गणपतीच्या आधीच्या महिन्यात जे मिळतं ते इतर वेळी शोधून मिळत नाही. म्हणून आमचं वर्षभराचं सामान श्रावणातच भरलं जातं. वखारीतला बारीक भुसा मोफत मिळतो. तो चाळून हिरव्या पोस्टर कलरमध्ये भिजवून सावलीत वाळवला की गवत तयार.

मोटारीचा इतिहास त्याहून रंजक आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार सगळ्यात भरवशाची. आवाज नाही, झटका नाही. पण ती कॅसेट एकाच वेगानं फिरवायला बनवलेली, म्हणून तिच्या पोटात वेग बांधून ठेवणारी पट्टी असते. मागचं झाकण उघडून ती पट्टी काढली आणि तारा सरळ ब्रशला जोडल्या की मगच व्होल्टेजप्रमाणे वेग कमी-जास्त होतो. हे मला एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी काउंटरवर उभ्या उभ्या करून दाखवलं, पैसे घेतले नाहीत. त्या मोटारी जाड, बार्शीच्या इंजिनात मावत नसत. मग त्या मागच्या मालडब्यात लपवायच्या आणि डब्यानं इंजिन ढकलायचं. आता इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रोबो प्रोजेक्टसाठी एन-२० नावाची गिअर मोटार इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्रास असते. रुंदी १२ मिलिमीटर, उंची १०. इंजिनाच्या बॉयलरमध्ये आरामात बसते. अशी महाविद्यालयं नसती तर ही मोटार इथल्या दुकानात कुणी ठेवलीच नसती.

चाकं कुपवाडला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत कारखाना उभारला. तेव्हापासून या पट्ट्यात ओतकाम आणि लेथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कुपवाडच्या शेडमध्ये पितळी सळई घेऊन गेलं आणि चाकाच्या कडेचं माप कागदावर दिलं, तर टर्नर पहिल्यांदा म्हणतो, "काका, एवढा बारका जॉब?" आणि दुसऱ्या दिवशी व्हर्निअर लावून स्वतःच दाखवतो, कुठं किती सुटलंय ते. दोन्ही रुळांतून वीज येते, म्हणून आसावरचं एक चाक नायलॉनच्या बुशवर बसवायचं, नाहीतर शॉर्ट होतं. हे एकदा समजावलं की त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यासाठी तिथली पितळी तार महत्त्वाची. इंजिनाच्या बाजूचा हात धरायचा दांडा सतारीच्या तारेइतका सुबक दुसऱ्या कशाचाच होत नाही. सरळ राहते, सोल्डरचा डाग घेते, वाकवली तर तुटत नाही. कारागिराला कशासाठी हवी हे सांगितलं तेव्हा त्यानं काम बाजूला ठेवून बार्शी लाईटनं केलेल्या पंढरपूरच्या प्रवासाची गोष्ट ऐकवली.

पुण्याची तपकीर गल्ली, म्हणजे तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, अधूनमधून लागतेच. पुण्याला गेलं की कोथरूडच्या जोशी लघु रेल्वे संग्रहालयात पाय वळतात. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेली आणि घडवलेली ती मांडणी १९९८ पासून लोकांसाठी खुली आहे. सांगलीतल्या निम्म्या हौशी लोकांनी चालतं मॉडेल पहिल्यांदा तिथंच पाहिलं, बहुतेकदा शाळेच्या सहलीत.

अलीकडची वर्षं कठीण गेली. २०१८ च्या बंदीनं सजावटीचा थर्माकोल गेला. ते चांगलंच झालं, पण डोंगर कापायची सवय सनबोर्ड आणि पुठ्ठ्यावर आणायला वेळ लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली आणि बाजारपेठेतली दुकानं पाण्यात गेली. ज्या काउंटरवर जुन्या मोटारींचे खोके असायचे तिथं नुसता गाळ होता. त्यातले काही दुकानदार पुन्हा उभे राहिले, काहींनी तो माल परत भरलाच नाही. २०२० साली खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ साली ७० वर. मॉडेलही कायद्यानं खेळण्यातच मोडतं. नऊ मिलिमीटरच्या रुळाची पेटी आता मित्रमंडळीत वाटून घेतली जाते.

खरी बार्शी लाईटही राहिली नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्यानं मार्ग मोठा झाला, मिरज-पंढरपूर पट्टा सगळ्यात शेवटी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जलदूत गाडी गेली ती याच वाटेनं, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. टाक्यांच्या वाघिणी मोठ्या रुळावरच्या, पण वाट कॅलथ्रॉपची. त्या दिवशी आमच्यातले दोघं वाटेवरच्या आरग स्टेशनला जाऊन उभे होते.

सध्या मी आरगचं जुनं स्टेशन करतोय. इमारतीची मापं मिळाली, फोटोही दोन मिळाले, पण काळे-पांढरे. खिडक्यांच्या चौकटींचा रंग कुणी हिरवा सांगतं, कुणी गेरूचा. त्या लाईनीवर नोकरी केलेल्या एका निवृत्त गार्डकाकांकडं रविवारी जायचंय, रंगाच्या चार पट्ट्या रंगवून बरोबर घेतल्यात.