मोफत गोळीच्या आधीची गोष्ट: हिरोआकी मित्सुया, एचआयव्ही आणि खानदेश

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रांत आज बहुतेक एचआयव्हीबाधितांना रोजची एकच गोळी मोफत मिळते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात. यांतलं एकही हिरोआकी मित्सुया यांच्या नावावर नाही. पण या विषाणूवर औषध निघू शकतं, हे ज्यांच्या कामातून जगाला पहिल्यांदा पटलं त्यांत हा जपानी शास्त्रज्ञ अगदी पुढे आहे. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मित्सुयांचा जन्म १९५० चा, सासेबो गावचा. कुमामोतो विद्यापीठात ते डॉक्टर झाले आणि रक्ताचे आजार व रोगप्रतिकारशास्त्र यांकडे वळले. १९८२ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत सॅम्युअल ब्रोडर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अभ्यासाचा विषय टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी. एचआयव्ही मारतो त्या नेमक्या याच पेशी, आणि प्रयोगशाळेत त्या कशा जगवायच्या, कशा वाढवायच्या हे मित्सुयांना ठाऊक होतं. त्यांनी अशा टी-पेशी तयार केल्या की एचआयव्ही सोडला की थोड्याच दिवसांत त्या मरून जात. मग विषाणूबरोबर एकेक रसायन घालून पाहायचं. पेशी तगल्या, तर त्या रसायनात काहीतरी आहे. त्या काळी या विषाणूची भीती एवढी होती की तो जवळपास असणंही अनेकांना नको होतं. अशा वातावरणात हे काम झालं.

तपासलेल्या रसायनांत एझेडटी (झिडोव्हुडिन) होतं. जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवलं होतं. उंदरांवर उपयोग दिसला नाही म्हणून बाजूला पडलं होतं. पेशीत शिरल्यावर एचआयव्ही आपल्या आरएनएवरून, म्हणजे स्वतःच्या जनुकीय माहितीवरून, डीएनएची साखळी विणतो. एझेडटी त्या साखळीत खऱ्या कडीच्या जागी जाऊन बसतं, आणि त्याला पुढची कडी जोडताच येत नाही. विणकाम तिथेच थांबतं. जुलै १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं. पुढच्या मोठ्या चाचणीत औषध न मिळालेल्या गटात १९ मृत्यू झाले, औषध मिळालेल्या गटात १. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांनाच औषध देण्यात आलं. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मित्सुयांच्या कामातूनच पुढे डीडीआय आणि डीडीसी ही औषधंही आली.

आनंद मात्र अपुरा होता. एझेडटीचं पेटंट औषध कंपनीकडे गेलं आणि वर्षाचा खर्च हजारो डॉलरांवर पोचला. शिवाय एकट्या औषधाला विषाणू काही काळाने दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले, पण ते श्रीमंत देशांत. भारतात १९८६ मध्येच चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीने पहिले बाधित रुग्ण शोधले होते. सोलोमन माहेरच्या गायतोंडे, हेही मराठी वाचकाला माहीत असावं.

किंमत तोडली ती भारतीय कारखान्यांनी. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळे. त्या मोकळीकीतून २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. मूळ कंपन्यांच्या औषधांना १० हजार डॉलरांहून अधिक लागत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी मोफत उपचार सुरू झाला. महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. सुरुवात मात्र मोजक्या रुग्णालयांतून झाली, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. खानदेशच्या रुग्णाला ते लांबच. जिल्ह्याच्या गावी केंद्रं झाली ती नंतर.

मित्सुयांच्या कारकिर्दीचा दुसरा टप्पा खानदेशाला जास्त लागू आहे, असं मला वाटतं. रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष यांनी रचलेल्या दारुनाविर या औषधी रेणूवर घोष आणि मित्सुया यांनी मिळून काम केलं. नवे विषाणू घडवायला एचआयव्हीला प्रोटीएझ नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. हा रेणू त्या विकराचा मूळ कणाच धरतो, त्यामुळे वरवरचे बदल करून विषाणूला सहजी निसटता येत नाही. २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी त्यावरच्या आपल्या पेटंटांच्या वापराचे हक्क औषधांच्या सामायिक पेटंट-संचाला (मेडिसिन्स पेटंट पूल) दिले. स्वस्त औषधं बनवता यावीत म्हणून पेटंटं एकत्र आणणारी ही संस्था. त्या संचाला मिळालेले ते पहिलेच हक्क. भारताच्या मोफत कार्यक्रमात आज दारुनाविर तिसऱ्या फळीच्या उपचारात आहे, म्हणजे आधीची औषधं निकामी झालेल्यांसाठी.

औषधं निकामी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे गोळ्यांत खंड पडणं. अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही महिने घराबाहेर असतात. उसाच्या फडावर आजार लपवायचा, गोळ्या लपवायच्या आणि केंद्र शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं, अशा स्थितीत खंड पडला तर दोष एकट्या रुग्णाला देता येत नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची आणि दुसऱ्या केंद्रात नोंद हलवण्याची सोय कार्यक्रमात आहे. कोयता घेऊन निघण्याआधी प्रत्येकाला ती मिळायला हवी, आणि त्यासाठी ऊसतोडीला जायचंय हे समुपदेशकाने दसऱ्यालाच विचारून ठेवायला हवं.